पिकअपचं ऑईल आणि फिल्टर: ट्रॅक्टरच्या बादलीपासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

शेतावरच्या शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी आणलेली ऑईलची वीस लिटरची बादली असते, अर्ध्यावर आलेली. पिकअपची सर्व्हिस निघाली की मालक म्हणतो, "मिस्त्री, डिझेलचंच इंजिन आहे ना? मग हेच टाका." मिस्त्रीही टाकतो, कारण वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. बीएस-३ च्या (बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरच्या सरकारी नियमांचे टप्पे) पिकअपनं ते खपवून घेतलं, बीएस-४ नंही बऱ्यापैकी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या आणि हा हिशेब बिघडला. ही गाडी लगेच तक्रार करत नाही, हा तिचा खरा दोष. बरेच महिने सुरळीत जातात, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तोवर बादलीची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

होतं असं, की बीएस-६ च्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ असतो: बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी, जी धुरातली काजळी अडवते. काजळी साठली की गाडी स्वतःच एक्झॉस्ट तापवते, सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. काजळी जळते, पण राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑईलमधून. ऑईलमध्ये कॅल्शियम, जस्त अशा धातूंची रसायनं मिसळलेली असतात. थोडंफार ऑईल पिस्टनच्या रिंगांवरून जळतंच, आणि त्यातला धातू राख होऊन जाळीत जाऊन बसतो. रीजनरेशननं तो निघत नाही. जास्त राखेचं ऑईल म्हणजे डीपीएफचं आयुष्य हप्त्याहप्त्यानं विकून खाणं.

जुन्या मिस्त्रींना 'कडक' ऑईल आवडतं, त्यालाही कारण आहे. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. बीएस-३ ला ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५०), बीएस-४ ला ५०, आता बीएस-६ च्या डिझेलमध्ये १०. गंधक जळून आम्ल तयार होतं आणि ते मारायला ऑईलमध्ये ती धातूची रसायनं जास्त लागायची. तेव्हा ते शहाणपणच होतं. आता आम्लच कमी तयार होतं, त्यामुळे ऑईलमधल्या जादा रसायनांचा फायदा कमी आणि राखेचा ताप जास्त.

डब्यावर नेमकं काय वाचायचं

बहुतेक लोक फक्त जाडी वाचतात: १५डब्ल्यू-४०, संपला विषय. (डब्ल्यूआधीचा आकडा थंड इंजिनातल्या जाडीचा, नंतरचा गरम इंजिनातल्या.) पण त्याच १५डब्ल्यू-४० मध्ये बीएस-६ ला चालणारं ऑईलही मिळतं आणि न चालणारंही. फरक त्याखालच्या बारीक ओळीत असतो. एपीआय या अमेरिकन संस्थेची सीआय-४ ही श्रेणी २००२ ची, तिच्यात राखेवर मर्यादाच नाही. २००६ च्या सीजे-४ पासून सल्फेटेड राख (ऑईल जाळून मोजलेली राख) एक टक्क्याच्या आत आली, आणि २०१६ च्या शेवटी आलेल्या सीके-४ नं ती मर्यादा कायम ठेवली. एसीईए या युरोपियन संस्थेची सी३ श्रेणी लिहिलेलं ऑईल असेल तर राख ०.८ टक्क्याच्या वर जात नाही. तुमच्या गाडीला यातलं कुठलं, हे तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. तेच प्रमाण. दुकानदाराचं 'सगळ्यांना हेच देतो' हे प्रमाण नाही, आणि शेजाऱ्याच्या गाडीचं पुस्तकही नाही, भले गाडी त्याच कंपनीची असो. मॉडेल आणि वर्ष बदललं की ओळ बदलू शकते.

उलटा प्रश्नही येतो: घरात एक जुनी आणि एक नवी पिकअप आहे, दोघींना एकच ऑईल चालेल का? सीके-४ जिथं सीआय-४ किंवा त्याआधीची सीएच-४ सांगितली आहे तिथं चालतं. म्हणजे दोन्ही गाड्यांच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० असेल आणि नव्या गाडीला सीके-४ मान्य असेल, तर एकच डबा घ्यायला हरकत नाही. नव्या गाडीच्या पुस्तकातलं ५डब्ल्यू-३० उचलून जुन्या, झिजलेल्या इंजिनात ओतणं मात्र वेगळी गोष्ट. तिथं पातळ ऑईलनं प्रेशर उतरतं आणि खपही वाढतो.

जाडीबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की त्याच्याशी वाद घालताना दमछाक होते. "आपल्याकडे बर्फ पडतो का? मग ५डब्ल्यू कशाला? घाटात लोड घेऊन चढायचंय, २०डब्ल्यू-५० टाका." बर्फ पडत नाही हे खरं. ५डब्ल्यू ची चाचणी उणे तीस अंशांवर होते आणि तेवढी थंडी निफाडलाही पडत नाही. पण पहाटे चार वाजता द्राक्षाच्या पेट्या भरून गाडी सुरू केली, की पहिल्या काही क्षणांत ऑईल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला हवं, आणि जाड ऑईल तिथं उशिरा पोचतं. शिवाय ज्या इंजिनाच्या फटी, ऑईल पंप नि रिंगा ३० जाडी धरून बनवल्या आहेत, त्यात ५० घातलं तर ते जास्त राखण करत नाही. ते ओढताना इंजिनाची ताकद आणि तुमचं डिझेल जातं. कसारा घाटात लोडमुळे ऑईल तापतं, ते बरोबर. त्याचा विचार ऑईल ठरवताना कंपनीनं केलेला असतो. ठरलेल्या वजनाच्या दीडपट माल भरला जाईल, हा विचार मात्र कुणी केलेला नसतो.

पेट्रोल किंवा सीएनजी पिकअप असेल तर एपीआयची 'सी'वाली नव्हे, 'एस'वाली श्रेणी पाहायची, एसएन, एसपी वगैरे. सीएनजीवाल्यांची एक खास फसगत होते. ऑईल महिनोन्महिने सोनेरी दिसतं, म्हणून बदललं जात नाही. गॅसच्या जळण्यात काजळी जवळजवळ नसते, म्हणून ते काळं पडत नाही. पण उष्णतेनं ते आतून जुनं होतच असतं. डिझेलवाल्यांचं नेमकं उलट: नवं ऑईल दोन-तीन दिवसांत काळं झालं की "डुप्लिकेट दिलं!" म्हणून दुकानात भांडण. डिझेलमध्ये काळं पडणं म्हणजे ऑईल काजळी धरून ठेवतंय, आपलं काम करतंय. रंगावरून निवाडा करू नका.

पट्टीवरची लेव्हल वाढली तर आनंद मानू नका

ही गोष्ट अजून पुष्कळ चालकांना माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. ऑईल कमी होणं आपण समजू शकतो. बीएस-६ डिझेलमध्ये ते वाढूही शकतं. रीजनरेशनच्या वेळी एक्झॉस्ट तापवण्यासाठी बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरानं थोडं जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतींवरून घसरून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडी हायवेवर नीट धावली तर प्रक्रिया एकदाच पूर्ण होते आणि गाडी मोकळी होते. पण पिकअप गावातल्या गावात दूध किंवा सिलिंडर वाटत फिरत असेल, दर दहा मिनिटांनी बंद होत असेल, तर रीजनरेशन अर्धवट तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑईलमध्ये.

लक्षणं अशी: ऑईल मोजायच्या पट्टीवर लेव्हल कमाल खुणेच्या वर, ऑईल बोटावर पाण्यासारखं पातळ, वासाला डिझेल, गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑईलचा दिवा लुकलुकतो. असं दिसलं तर वरचं ऑईल काढून लेव्हल 'बरोबर' करणं हा उपाय नव्हे. ते सगळंच पातळ झालेलं असतं. ऑईल आणि फिल्टर बदला, आणि रीजनरेशन पूर्ण का होत नाही ते स्कॅनर लावून तपासा. गळकं नोझलही असू शकतं. दुर्लक्ष केलं तर बेअरिंग जातात. लेव्हल फारच वाढली तर इंजिन ते ऑईलच हवेबरोबर ओढून जाळू लागतं, आणि मग किल्ली काढली तरी बंद होत नाही.

म्हणून डीपीएफचा दिवा लागला की गॅरेजकडे धावण्याआधी पुस्तकात सांगितलेल्या वेगानं मोकळ्या रस्त्यावर एक लांब फेरी मारा आणि मध्ये बंद करू नका. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं. 'डीपीएफ काढून पोकळ पाईप टाकून देतो' असं सांगणारे भेटतील. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि सेन्सरना फसवायला मग सॉफ्टवेअरही बदलावं लागतं. पुढच्या प्रत्येक बिघाडाला मग मूळ कारण सापडेनासं होतं.

पट्टीवर दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर प्रकरण वेगळं. ते पाणी आहे, बहुधा हेड गॅसकेट किंवा ऑईल कूलरमधून आलेलं. ती गाडी सुरू न करता ओढून न्या.

लेव्हल पाहायची तीसुद्धा सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून. किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये ऑईल असलं की पुरे. 'जरा जास्त असू दे, लोडची गाडी आहे' म्हणून वर भरलं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो, आणि फेसाळ ऑईलमध्ये प्रेशर राहत नाही.

एअर फिल्टर: सर्वात जास्त छळ होणारा भाग

ऑईलवर लोक निदान चर्चा तरी करतात. एअर फिल्टरला हवा मारली की त्यांचं कर्तव्य संपतं. खरं तर खडी क्रशर, वीटभट्टी, ऊसतोडीच्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपचं इंजिन बऱ्याचदा ऑईलमुळे नव्हे, धुळीमुळे खलास होतं. धुळीतली वाळू रिंगा नि बोअर घासते, मग ऑईल जळू लागतं, निळा धूर येतो, आणि दोष ऑईलच्या ब्रँडवर जातो.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं बाहेरून आत जोरात हवा मारणं सर्वांत वाईट. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ आत ढकलली जाते. पुस्तकात साफ करायला परवानगी असेल तर आतून बाहेर, कमी दाबानं, नोझल लांब धरून. कागदी फिल्टर डिझेलनं किंवा साबणानं धुण्याची सवय जुन्या जीप नि ट्रॅक्टरवरून आलेली आहे. तिथं ऑईल-बाथचा, म्हणजे ऑईलमध्ये धूळ पकडणारा एअर क्लीनर असायचा, तो धुवायचाच असतो. कागदाला ते लागू नाही. धूळ चिकटावी म्हणून कागदावर ऑईलचा हात फिरवणारेही आहेत; तेही नको.

एक सोपी तपासणी करा. फिल्टर काढल्यावर त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाईपात बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर फाटलाय, नीट बसलेला नाही किंवा पाईपची क्लिप ढिली आहे. नवा फिल्टर टाकूनही धूळ येत असेल तर डब्याची कड वाकली आहे का ते पाहा. धूळ असलेल्या मार्गावर पुस्तकातला 'कठीण वापरा'साठीचा तक्ता धरायचा, साधा नव्हे. ऑईल बदलण्याचं अंतरही त्याच तक्त्यातून घ्यायचं.

ऑईल फिल्टर आणि डिझेल फिल्टर

ऑईल बदललं, फिल्टर 'पुढच्या वेळी' म्हणणं म्हणजे जुनं काळं ऑईल नव्यात मिसळणं. स्वस्त, बिननावाच्या फिल्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावर ऑईल धरून ठेवणारा रबरी पडदा कधी निकामी असतो, कधी नसतोच. मग रोज सकाळी सुरू करताना वरून काही क्षण टकटक ऐकू येते. बसवताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे पाहायलाच हवं. दोन रबरं एकावर एक बसली की ती धक्क्यानं निसटतात आणि चेंबर रस्त्यावर रिकामं होतं. नव्या रबराला ऑईलचं बोट, हातानं घट्ट, पाना लावून पिळायचं नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा.

डिझेल फिल्टर बदलताना बहुतेक गॅरेजमध्ये एक चूक डोळ्यांदेखत होते: उघड्या कॅनमधलं डिझेल मधल्या भोकातून नव्या फिल्टरमध्ये ओतून तो बसवतात. मधलं भोक बहुधा स्वच्छ बाजूचं, म्हणजे तो कचरा न गाळता थेट पंपाकडे. कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) हजार बारच्याही वर दाब असतो. तिथं एक कणही नोझल खराब करतो. कोरडा बसवून हातपंपानं हवा काढा, पाच मिनिटं जास्त लागतील. पावसाळ्यात, किंवा ड्रममधलं डिझेल वापरत असाल तर, फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढत जा. पाण्याचा दिवा लागला असताना 'गावाला पोचून बघू' नको.

सर्व्हिसच्या वेळी आत डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन 'धुऊन' घेण्याचा आग्रह काही मिस्त्री धरतात. ते पूर्ण निघत नाही आणि नव्या ऑईलला पहिल्याच दिवशी पातळ करतं. गरम इंजिनातून जुनं ऑईल निवांत निथळू द्या, तेवढं पुरतं.

ऑईल सुटं घेऊ नका. सील, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख पाहा, कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा, आणि बिलावर ऑईलची पूर्ण श्रेणी लिहून घ्या. वॉरंटीत वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो. जळकं ऑईल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासायला घरी आणलं जातं. ते मातीतून विहिरीकडे जातं, त्यापेक्षा गॅरेजच्या ड्रममध्येच राहू द्या. रिकामा डबा मात्र तिथं सोडू नका. खिळ्यानं दोन भोकं पाडा आणि मग भंगारात द्या, म्हणजे तोच डबा पुन्हा भरून तुमच्याच तालुक्यात विकायला यायचा नाही.