आठ जण एका वेळी पाहिजेत : छोट्या टीम-गेमसाठी व्हिडिओ कसे करायचे

आमचा गेम लगोरीचा आहे. चार विरुद्ध चार, कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून. एका टीमनं सात दगडांची चळत फोडायची आणि परत रचायची, दुसरीनं तेवढ्यात चेंडू मारून त्यांना बाद करायचं. बनवणारे आम्ही तिघं. मी कोड लिहिते, धाकटा भाऊ मैदानं आणि माणसं काढतो, एक मित्र आवाज आणि उरलेलं सगळं बघतो. तिघांच्याही नोकऱ्या आहेत, त्यामुळे हे सगळं जेवणं झाल्यावर. गेमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर याचीच जाहिरात व्हायची.

पहिला व्हिडिओ आम्ही एका मंगळवारी दुपारी टाकला, कारण तो दुपारी तयार झाला. बरा चालला. पन्नासेक जणांनी डेमो उतरवला. मी ऑफिसच्या कामाच्या आड सर्व्हरचा लॉग उघडून बसले होते. 2.10 ला एक जण लॉबीत, म्हणजे मॅच सुरू व्हायची वाट बघायच्या जागी, आला, चार मिनिटं थांबला, गेला. 2.25 ला दुसरा आला, तोही गेला. तीनच्या सुमारास दोघं एकदम आले तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले, पण सहा जण कमी होते. रात्रीपर्यंत हेच. पन्नास माणसं येऊन गेली आणि एक मॅच झाली नाही.

एकट्यानं खेळायच्या गेमला हे दुखणं नसतं. तिथं माणूस पहाटे तीनला आला तरी खेळून जातो. आपल्याकडे आलेल्याला मैदान रिकामं दिसलं की त्याचा समज होतो, गेम बंद पडलाय. तो परत येत नाही. म्हणून व्हिडिओला हात लावायच्या आधी वार आणि वेळ ठरवा. आमची शनिवार, रात्री साडेनऊ. प्रत्येक व्हिडिओत ती बोलून सांगायची, पडद्यावर लिहायची, वर्णनाच्या पहिल्या ओळीत टाकायची. आधी आम्ही गुरुवार धरला होता. पुण्यात राहणाऱ्याला हसू येईल, कारण दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी आणि पाणी नसायचं तेही गुरुवारी. आयपीएलमध्ये आम्ही अकराला सुरू करतो. गणपतीत दहा दिवस कुणालाच बोलावत नाही.

शिवाय बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, ठेवा. पाचच जण आले तर उरलेले तीन बॉट भरतील आणि मॅच सुरू होईल एवढी सोय नसेल, तर व्हिडिओ पुढच्या महिन्यात करा, आधी ती सोय करा.

आता रेकॉर्डिंग. ओबीएस हे पडदा रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. त्यात तीन गोष्टी पहिल्याच दिवशी लावून टाका. पहिली म्हणजे आवाजाचे ट्रॅक वेगळे करा : गेमचा एक, खेळताना डिस्कॉर्ड ॲपवर चालणाऱ्या बोलण्याचा दुसरा, स्वतःच्या माइकचा तिसरा. सगळं एकात मिसळलं की कुणाची शिवी काढताना चेंडूचा आवाजही जातो. दुसरी, फाइल एमकेव्ही या प्रकारात घ्या. मध्येच लाइट गेली तर साधी एमपीफोर फाइल उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते, आणि ओबीएसच नंतर तिची एमपीफोर करून देतं. तिसरी, रिप्ले बफर. हा सतत मागचे काही सेकंद धरून ठेवतो. काही भारी घडलं की एक बटण दाबायचं, मागचे तीस सेकंद फाइलमध्ये. दोन तासांचं रेकॉर्डिंग रविवारी चाळत बसायची वेळ येत नाही. आमच्यात जो बाद होऊन बाहेर बसलाय त्यानं बटण दाबायचं असं ठरलंय, कारण खेळणाऱ्याला भान राहत नाही.

टीम-गेमची गोची अशी की एकाच्या पडद्यावरून गोष्ट कळत नाही. चळत रचणाऱ्याला चेंडू दिसत नसतो आणि चेंडूवाल्याला भिंतीमागे वाकलेला गडी दिसत नसतो. म्हणून किमान दोन बाजूंनी, दोन टीमच्या माणसांकडून रेकॉर्ड करून घ्या. शिवाय एक प्रेक्षक-कॅमेरा गेममध्येच बांधा, गच्चीवरून खाली बघितल्यासारखा. मला त्याला एक आठवडा लागला आणि तो आठवडा वसूल झाला. आमच्या दोन टीम सुरुवातीला लाल आणि हिरव्या होत्या. मोबाइलवर, उन्हात, कोण कुणाचा हे मलाच कळेना, आणि लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांचं तर विचारूच नका. आता केशरी आणि निळ्या आहेत. बहुतेक लोक तुमचा गेम आधी मोबाइलच्या पडद्यावरच बघणार आहेत, तेव्हा नावांची अक्षरं मोठी ठेवा.

आणि हो, ज्यांचा आवाज घेताय त्यांना आधी विचारा. शाळकरी पोरं असतील तर त्यांचा आवाज आम्ही काढूनच टाकतो.

क्लिप कुठली निवडायची, यात मी सगळ्यात जास्त चुकले. मला वाटायचं, उत्तम खेळ दाखवावा. लांबून मारलेला नेम, सहा सेकंदांत रचलेली चळत, असलं काही. लोक बघायचे आणि पुढे जायचे. मग एका शनिवारी हे झालं : सहा दगड रचून झालेत, सातवा आमच्या एका गड्याच्या हातात आहे, आणि समोरून चेंडू येतो. तो वळतो. चेंडू त्याच्या बाहीला चाटून जातो की जात नाही, देव जाणे. सातवा दगड वर बसतो आणि आठही माणसं एकदम ओरडतात. “लागला!” “कुठं लागला?” “अरे बाहीला लागला!” “शर्टाला लागला रे, मला नाही!” त्यावर दोन सेकंद पूर्ण शांतता, आणि मग कुणीतरी हसायला लागतो.

अकरा सेकंदांची क्लिप. तिच्याखाली लोक अजून भांडतायत की शर्टाला लागलं म्हणजे बाद की नाही. लहानपणी मैदानावर जे भांडण अर्धवट राहिलं होतं ते त्यांनी तिथं पुढे नेलं. मला त्यातून कळलं ते एवढंच : बघणाऱ्याला तुमचं कसब नको असतं, त्या आठ जणांत आपण नववे असतो तर काय म्हटलं असतं हे त्याला सुचलं पाहिजे. तेव्हापासून आम्ही भांडणं, फजिती आणि ऐन वेळी दगा देणारा मित्र एवढंच शोधतो. गेमही त्यानं बदलला. आता चेंडू चाटून गेला की चार सेकंदांचा हळू रिप्ले सगळ्यांना दिसतो. भांडण मिटवायला नाही, वाढवायला.

2024 च्या 1 एप्रिलला आलेल्या ‘कंटेंट वॉर्निंग’ या गेममध्ये ही गोष्ट मुळातच बांधली आहे. मित्रांनी कॅमेरा घेऊन खाली उतरायचं, भुतं टिपायची, वर येऊन तो व्हिडिओ सगळ्यांनी बघायचा. आपल्याला तसा गेम करायची गरज नाही, पण आपल्या गेममध्ये सांगण्यासारखं काय घडतं, हा प्रश्न कोड लिहितानाच पडला तर पुढचं काम निम्मं होतं.

कापाकापीबद्दल थोडक्यात. सुरुवातीला लोगो नको. आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये सहा सेकंद लोगो होता, भावानं जीव ओतून केलेला. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठं गळाले त्याचा आलेख मिळतो, तो मी त्याला दाखवला. रेष कड्यावरून दगड सोडावा तशी खाली. लोगो शेवटी गेला. भाऊ दोन दिवस बोलला नाही. पहिल्या तीन सेकंदांत चेंडू हवेत पाहिजे. गाणी आयती उचलू नका, हक्काचा दावा येतो आणि तुमच्या गेमचा व्हिडिओ करणाऱ्या दुसऱ्यालाही त्रास होतो. आमचा मित्र हलगी वाजवतो, तीच लावतो.

उभ्या व्हिडिओंचं गणित वेगळं. यूट्यूब शॉर्ट्स 15 ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण आम्ही तीस सेकंदांच्या वर जात नाही. आडव्या पडद्याचा मधला पट्टाच उरतो, म्हणून प्रेक्षक-कॅमेरा चळत कायम मध्यभागी धरतो. मुख्य अडचण दुसरीच आहे : शॉर्टच्या वर्णनातली आणि कमेंटमधली लिंक ऑगस्ट 2023 च्या अखेरपासून दाबताच येत नाही. मी दोन महिने तिथं लिंका चिकटवत होते. आता ‘संबंधित व्हिडिओ’मध्ये आमचा मोठा व्हिडिओ जोडते आणि त्याच्या वर्णनात लिंक देते. बाकी भिस्त नावावर. नाव ऐकून टाइप करता आलं पाहिजे. नुसतं ‘लगोरी’ शोधलं तर अंगणात खेळणारी पोरं सापडतात, म्हणून पुढे एक वेगळा शब्द लावावा लागला. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे लिहा. बोलणं मराठीत असलं तरी इंग्रजी सबटायटल जोडा. हातवारे आणि आरडाओरडा कुणालाही कळतो, पण “शर्टाला लागला” कळायला मदत लागते.

लिंक कुठली द्यायची? आमची स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवरच्या आमच्या पानाची असते. गेम अजून आलेला नसला तरी पान लावून ठेवता येतं आणि लोक तो विशलिस्टमध्ये, म्हणजे आपल्या हव्या असलेल्या गेमांच्या यादीत, टाकू शकतात, गेम आला की स्टीमच त्यांना मेल करतं. प्रत्येक व्हिडिओची लिंक वेगळी खूण लावून द्या, म्हणजे कुठल्या व्हिडिओतून किती आले ते स्टीम दाखवतं. डेमो असलेल्या गेमांसाठी तिथं नेक्स्ट फेस्ट नावाचा ऑनलाइन महोत्सव असतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. एका गेमला तो एकदाच मिळतो, तेव्हा ठरल्या वेळेला आठ माणसं जमवता येत नसतील तर घाई करू नका.

आता दुसऱ्यांच्या चॅनेलबद्दल. लाखो सबस्क्रायबरवाल्यांना मेल करण्यात मी एक महिना घालवला, एकाचंही उत्तर आलं नाही. मग जे चार-पाच मित्र मिळून नेहमी एकत्र खेळतात आणि ज्यांचं लाइव्ह तीस-चाळीस जण बघतात, त्यांच्याकडे वळले. मेल असा असतो (किल्ली म्हणजे स्टीमवर गेम उघडून देणारा कोड) :

“नमस्कार दादा, तुमचा मागच्या रविवारचा लाइव्ह पाहिला. जीपमधून मित्राला विसरून निघालात तिथं फार हसले. आम्ही तिघांनी लगोरीचा ऑनलाइन गेम केलाय. आठ किल्या सोबत देतेय, तुमच्या सगळ्या गँगसाठी. शनिवारी रात्री साडेनऊला आम्हीही असतो. आवडला नाही तर तसं लाइव्हवर बिनधास्त सांगा.”

आठ किल्या, एक नाही. एका किल्लीवर टीम-गेम खेळून दाखवता येत नाही, हे कळायलाही मला वेळ लागला. आणि तो व्हिडिओ खरोखर बघून मगच लिहा, न बघता लिहिलेलं लगेच कळतं. उलट बाजूनं किल्या मागणारे मेल भरपूर येतात. मोठ्या चॅनेलचं नाव, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडं. चॅनेलच्या पानावर जो ईमेल आहे त्यावर स्वतः उलट लिहून विचारा. मी आधी विश्वास ठेवला आणि आमच्या किल्या विकायला लागलेल्या दिसल्या. पैसे देऊन व्हिडिओ करून घेत असाल तर यूट्यूबवर ‘पेड प्रमोशन’ची खूण लावायला सांगा. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे फुकट वस्तू मिळाली असेल तरी ते सांगायला हवं. आणि दहा-दहा रुपये प्रवेश फी घेऊन जिंकणाऱ्याला बक्षीस, असलं स्पर्धेचं डोकं चालवू नका. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ते सरळ बंदीत जातं. आम्ही जिंकणाऱ्या टीमचं नाव पुढच्या व्हिडिओत घेतो, त्यावर पोरं खूश असतात.

कुणी म्हणेल, एखाद्या मोठ्या स्ट्रीमरनं, म्हणजे लाइव्ह खेळून दाखवणाऱ्यानं, उचललं की झालं. ‘अमंग अस’ या गेमचं उदाहरण सगळे देतात. तो जून 2018 मध्ये आला आणि त्याचा स्फोट झाला 2020 मध्ये, लोक घरात अडकले असताना, ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवरच्या स्ट्रीमरांमुळे. मधली दोन वर्षं तो बनवणारी तीन टाळकी गेम दुरुस्त करत राहिली होती, हे कुणी सांगत नाही. गर्दी आल्यावर त्यांनी दुसरा भाग जाहीर केला आणि महिन्याभरानंतर तो रद्द करून पहिल्याच्याच सर्व्हरवर लक्ष दिलं. आपल्याला निदान शंभर जण एकदम आले तर सर्व्हर तगेल का, हे एकदा खोट्या खेळाडूंनी तपासून घ्यावं. आमचा साठाला कोलमडला होता, तोही लाइव्ह चालू असताना.

किती व्ह्यूज आले हे मी आता सोमवारी बघते. शनिवारी रात्री वहीत दोनच आकडे लिहिते : साडेनऊला किती होते आणि साडेदहाला किती राहिले. मागच्या वेळी सतरा आणि बारा. त्या बारातले तिघं पहिल्यांदा आलेले होते, दोघं शर्टवाल्या क्लिपमुळे. एकानं आल्या आल्या विचारलं, “ताई, मग ते बाद दिलं का शेवटी?”