काऊबॉयच्या चाहत्याला दिवाळीत काय द्यावं?

काऊबॉय म्हणजे मुळात गुराखी. मेक्सिकोतल्या वाकेरो म्हणवणाऱ्या गुराख्यांकडून ही विद्या उत्तरेकडे गेली आणि वाकेरो हा शब्दच मुळी गाईच्या स्पॅनिश नावावरून आलेला. त्यामुळे भेट निवडताना एकच बघावं, ती वस्तू गुराख्याच्या कामाची आहे का? प्लॅस्टिकचा बिल्ला आणि खोटं पिस्तूल दोन दिवसांत कपाटात जातं. कामाची वस्तू मात्र वर्षानुवर्षं वापरात राहते, आणि त्यातली निम्मी सोलापुरातच तयार करून घेता येते.

सगळ्यात उत्तम भेट म्हणजे शिवून घेतलेला वेस्टर्न शर्ट. चाळीस साइजच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं कापड पावणेदोन मीटर लागतं, आणि वेगळ्या रंगाच्या योकसाठी, म्हणजे खांद्यावरच्या टोकदार तुकड्यासाठी, अर्धा मीटर. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत शॅम्ब्रे नावाचं हलकं सुती कापड मागा. जाड डेनिमचा शर्ट इथल्या उन्हात अंगावर ठरत नाही. शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात योक आक्रसतो आणि खांद्यावर चुण्या पडतात.

शर्टाला साधी बटणं नकोत, मोती टोपीची टिचबटणं हवीत. कपडा खोगिराच्या मुठीत अडकला की टिचबटण सुटतं, कापड फाटत नाही. पुढच्या पट्टीला सात, कफांना तीन-तीन आणि खिशांच्या झाकणांना एक-एक, अशी पंधरा लागतात, अठरा घ्या. पट्टीच्या आत बक्रम, म्हणजे ताठ अस्तर, घालायला शिंप्याला नक्की सांगा. नुसत्या पातळ कापडावर ठोकलेलं टिचबटण चार-पाचदा ओढलं की कापडासकट बाहेर येतं. शिंपी योकच्या टोकाशी हमखास चुकतो. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर एक सेंटिमीटर मार्जिन आत मुडपायचं, इस्त्री करायची आणि मगच टीप मारायची. तसं केलं तर टोक सुईसारखं येतं. दिवाळीत शिंप्यांकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कापड गणपतीनंतर लगेच टाका.

टोपी घेताना माप चुकलं तर पैसे वाया. टेप कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या जरा वरून फिरवा. ५७ सेंटिमीटर म्हणजे अमेरिकन सव्वासात नाही, सात पूर्णांक एक अष्टमांश. सव्वासात म्हणजे ५८. भेट गुपित ठेवायची असेल तर त्यांच्या नेहमीच्या टोपीचा आतला घेर मोजा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या, घामपट्टीमागे फोमची पट्टी सरकवली की बसते. अमेरिकन टोपीवाल्या जॉन स्टेटसनने १८६५ साली फिलाडेल्फियात सुरू केलेली फेल्टची टोपी दिसायला देखणी, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात गवती टोपीच बरी. ती मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने चामड्याची घामपट्टी आक्रसते. टेबलावर ठेवतानाही उलटी ठेवायची, नाहीतर कडेचा बाक बिघडतो.

लॅसो, म्हणजे गुरं पकडायचा फासाचा दोर, हवा असेल तर साधारण दहा मिलिमीटर जाडीचा, पिळाचा ताठ नायलॉन दोर नऊ मीटर घ्या. सुती दावं चालत नाही, ते मऊ असल्याने फेकताना फास उघडा राहत नाही. एका टोकाला छोटी घट्ट डोळी बांधा आणि दुसरं टोक तिच्यातून ओवा. सराव बादलीवर किंवा खुंट्यावर करायचा, जनावरावर किंवा मुलांच्या गळ्याभोवती अजिबात नाही.

बूट मात्र सरप्राइज म्हणून देऊ नका. त्यांना नाडी नसते, त्यामुळे चवड्याला आणि पायाच्या वरच्या बाजूला नेमके बसावे लागतात, आणि ते पायात घातल्याशिवाय कळत नाही. परदेशातून मागवलेल्या जोडीवर कस्टम ड्युटीही पडते. ज्यांना भेट द्यायची त्यांनाच दुकानात बरोबर घेऊन जा.

बजेट कमी असेल तर इनॅमलचा मग द्या, किंवा ५५ सेंटिमीटर चौरस सुती कापडाच्या चारही कडा दुमडून शिवलेला रुमाल. धूळ आली की काऊबॉय तो नाकावर ओढतात. हात थोडा सैल असेल तर लाल-काळ्या भौमितिक नक्षीची जेकार्डची सोलापुरी चादर. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि खोगिराखालच्या घोंगडीची आठवण करून देते. तिचा चौकोनी गठ्ठा करा आणि लॅसोचं वेटोळं तिच्यावरून आवळून बांधा, वेगळा कागद लागत नाही.