पदपथाचं निवेदन तडीस कसं न्यावं: ज्येष्ठ नागरिक संघांसाठी

नवी मुंबईतल्या बऱ्याच ज्येष्ठ नागरिक संघांकडे निवेदनांची जाडजूड फाइल असते आणि विरंगुळा केंद्रासमोरचा पदपथ मात्र उखडलेलाच असतो. निवेदन देतानाचा फोटो ग्रुपवर टाकला की काम झालं, असं मानणाऱ्यांनी पुढे वाचू नये.

आधी जागा कोणाची ते बघा. सेक्टरातले पदपथ सहसा महापालिकेचे, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, काही भूखंड अजूनही सिडकोचे. विभाग कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा.

मग टेप घेऊन मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं (आयआरसी १०३, २०१२) सांगतात की निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. 'ज्येष्ठांची गैरसोय होते' हे अभियंता रोज वाचतो; मिलिमीटरमधला आकडा क्वचित.

निवेदन एका पानाचं, मागणी एकच. पदपथ, मोकाट कुत्री आणि डास एकाच कागदावर आले की तो तीन खात्यांत फिरत राहतो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महिनाभरात हालचाल नाही तर माहिती अधिकार. खरी मेख इथे आहे. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली. लोक सांगतात, 'चांगला जाब विचारा.' अजिबात विचारू नका. 'पदपथ अजून का दुरुस्त केला नाही?' असं लिहिलंत की जन माहिती अधिकारी 'प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं एका ओळीत कळवतो, आणि तो चूक नसतो. २००५ चा कायदा दप्तरात असलेले कागद देतो, खुलासे नाही.

म्हणून कागदच मागा. अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर आजवर लिहिलेल्या टिप्पण्यांच्या प्रती. ते कोणत्या तारखेला कोणाकडे गेलं त्याची नोंद. आणि सर्वांत महत्त्वाचं, या पदपथाच्या मागच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) दाखवणारा कागद. हे शेवटचं कोणी मागत नाही, आणि कामाचं तेच असतं.

अर्ज संघाच्या लेटरहेडवर नको. माहितीचा हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही. कोणा एका सभासदाने स्वतःच्या नावाने 'जोडपत्र अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरावं आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. निवृत्त मुख्याध्यापकांना हे कधीच पटत नाही. त्यांना आधी दोन पानं पार्श्वभूमी लिहायची असते, वर संतांचं एखादं वचन! माहिती का हवी हे सांगायला कायदा भागच पाडत नाही (कलम ६(२)), मग ती शाई वाया का घालवायची?

'हे आमच्याकडे येत नाही' असं म्हणून अर्ज परत देत असतील तर घेऊ नका. कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत 'जोडपत्र ब' भरून पहिलं अपील. स्टॅम्प २० रुपयांचा. अपिलाची नोटीस निघाली की बऱ्याचदा कागद आपणहून सापडतात.

कागद हाती आले की आधी दोषदायित्व कालावधी संपलाय का ते बघा. शिल्लक असेल तर कार्यकारी अभियंत्याला नव्याने एकच पान लिहा: ठेकेदाराकडून विनाखर्च दुरुस्ती करून घ्यावी. सोबत कार्यादेशाची झेरॉक्स जोडा. मग 'निधी नाही' हे उत्तर त्यांना देता येत नाही.