गाडीचा रेडिएटर: कुलंट कसं बदलायचं, आणि अख्खा रेडिएटरच बदलायची वेळ आली तर

एप्रिल-मे मध्ये कसारा घाटात, खंबाटकीला, बॉनेट उघडून कडेला लावलेल्या गाड्या हमखास दिसतात आणि शेजारी मालक पाण्याची बाटली घेऊन उभा असतो. हे पाणीच खरं दुखणं आहे. अडचणीत एकदा टाकलं तर ठीक, पण मग तीच सवय लागते, लेव्हल खाली गेली की टाक बोअरचं पाणी, आणि आत गिझरच्या कॉइलवर बसतो तसा क्षाराचा थर बसायला लागतो, कुलंटमधलं (म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं द्रव) गंज रोखणारं केमिकल पातळ होत जातं आणि रेडिएटर आतून खराब व्हायला लागतो. म्हणून टॉप-अप करायचं तर त्याच जातीच्या कुलंटने, नसेलच तर डिस्टिल्ड वॉटरने, बॅटरीत घालतो तेच, कुठल्याही पंपावर मिळतं.

महिन्यातून एकदा सकाळी, इंजिन गार असताना, कुलंटच्या रिझर्व्ह टाकीची लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. सारखी खाली जात असेल तर कुठेतरी लीकेज आहे. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. सिस्टीम प्रेशरखाली असते, ०.९ बारचं (बार म्हणजे दाबाचं माप, झाकणावर लिहिलेलं असतं) झाकण असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि तुम्ही झाकण फिरवून प्रेशर सोडलं की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज, म्हणजे रेडिएटरला जोडलेला रबरी पाईप, दाबून बघा, मऊ आणि गार लागला की मग हात घाला.

झाकणाला लोक फार हलक्यात घेतात. त्याचं रबर कडक झालं, चिरलं की प्रेशर धरत नाही आणि गाडी उगाच गरम होते. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातला उलटा व्हॉल्व्ह (गार होताना रिझर्व्ह टाकीतलं कुलंट परत आत घेणारा) अडकलाय असं समजा. मोठ्या खर्चाआधी झाकण बदलून बघायला काय हरकत आहे, फक्त त्याच बारचं घ्या, जास्त बारचं लावून फायदा होत नाही, उलट जुने होज फुटतात.

बाहेरच्या जाळीत धूळ, किडे, कापूस काय वाट्टेल ते अडकतं. साध्या नळीने, इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारा. वॉशिंग सेंटरवाल्याचं प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, पत्र्याच्या त्या बारीक पट्ट्या वाकल्या की हवा जायची बंद.

आता कुलंट बदलणं. किती किलोमीटरला ते मॅन्युअलमध्ये बघा, साधं कुलंट आणि लाँग लाईफ यात बराच फरक असतो. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-गुलाबी हे कंपनी ठरवते, वेगळ्या जातीची दोन कुलंट मिसळली तर आत चिखल होऊ शकतो, त्यामुळे डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा. इंजिन गार असताना खाली टब ठेवून रेडिएटरचा ड्रेन प्लग सैल करा, मग वरचं झाकण काढा म्हणजे धार नीट लागते. गढूळ, तांबूस निघालं तर प्लग लावून डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन चालू करून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत गरम करा (आतापर्यंत गार असलेला होज अचानक तापतो, तेव्हा उघडला), गार होऊ द्या, परत काढा. स्वच्छ येईपर्यंत.

इथे एक गोम आहे. प्लगमधून सगळं निघत नाही, इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं. त्यामुळे फ्लश केल्यावर वरून रेडी-मिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कुलंट) ओतलं तर ते आणखी पातळ होणार. गाडीची पूर्ण कपॅसिटी मॅन्युअलमधून घ्या, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा, म्हणजे ५०-५० येतं.

रेडिएटर बदलायचा कधी? आजकालच्या रेडिएटरला मधे अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात, जोड दुमडून बसवलेला. त्या जोडावर पांढरट-गुलाबी खपली दिसली की तिथून पाझरतंय. एमसील लावून घरापर्यंत याल, पुढे नाही. ट्रकवाल्यांचा हळद टाकायचा उपाय चालतो, खरंच भोक बुजतं, पण हळद भोक शोधत जात नाही, हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. जुन्या पितळी रेडिएटरला झाळ मारून मिळायची, ते दिवस गेले. मात्र ऑइल दुधाळ झालं असेल किंवा झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर थांबा, ते बहुतेक हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) काम आहे, नवा रेडिएटर लावून पैसे वाया जातील.

बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काही गाड्यांत फॅन चावी बंद असतानाही सुरू होतो. कुलंट काढून घ्या. फॅनचा कनेक्टर सोडवून फॅन त्याच्या फ्रेमसकट काढा. होजच्या क्लिपा पकडीने दाबून मागे सरकवा, होज ओढू नका, आधी पिळून सैल करा, चिकटलाच असेल तर सरळ उभा कापा, नवा होज घ्यायचाच आहे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ऑइलच्या नळ्याही रेडिएटरला असू शकतात. पुढचा एसीचा कंडेन्सर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरलाच बोल्टने लावलेला असतो, तो सोडवून सुतळीने वर बांधून ठेवा, त्याचे पाईप अजिबात उघडायचे नाहीत, गॅस जाईल. आता वरचे ब्रॅकेट काढून रेडिएटर सरळ वर उचला. खालचे रबराचे बुश जुन्याला चिकटून भंगारात जातात आणि मग नवा रेडिएटर खडखडतो, ते आधी काढून ठेवा. नवा जुन्याशेजारी ठेवून नळ्यांची तोंडं, बोल्टची भोकं ताडून बघा, मग उलट्या क्रमाने बसवा.

खरी परीक्षा हवा काढण्यात. हळूहळू भरा, हीटर फुल गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलला चालू द्या, बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, भरत राहा, अधूनमधून वरचा होज दाबा. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर त्यातून अखंड धार आली की बंद करा. फॅन एकदा सुरू होऊन बंद होऊ द्या. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत अजून हवा आहे.

जुनं कुलंट रस्त्यावर ओतू नका, ते चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल बघा, थोडी उतरलेली असेल, रिझर्व्ह टाकी मॅक्सपर्यंत भरा आणि आठवडाभर लांबचा प्रवास काढू नका, घाट तर नाहीच.