मुलांची पोटगी कधी थांबते आणि थकलेल्या पैशांचं काय होतं: या चुका टाळा

मूल 18 चं झालं की पोटगी आपोआप बंद, असं धरून चालू नका. आधी ऑर्डर काढून नीट वाचा, ती कुठल्या कायद्याखाली झालीये आणि कधीपर्यंत द्यायचं लिहिलंय ते बघा. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम 144, त्यात साधारण 18 पर्यंतच मिळते, पण मुलाला शारीरिक-मानसिक व्यंग किंवा इजेमुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर पुढेही चालू राहते. हिंदू कायद्यात अविवाहित मुलीला स्वतःचं उत्पन्न नसेल तर 18 नंतरही हक्क आहे, फक्त त्यासाठी 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 खाली वेगळा अर्ज लागतो, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी संमतीने कोर्टात दिलेल्या अटींमध्ये, शिक्षण संपेपर्यंत देईन असं कबूल केलं असेल तर मग 18 चा मुद्दा येतच नाही.

देणारे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे स्वतःच रक्कम कमी करणं. नोकरी गेली, मोठा मुलगा 18 चा झाला, मुलांना भेटू देत नाहीत, आईने दुसरं लग्न केलं, कारण काहीही असो, कोर्टाची ऑर्डर बदलेपर्यंत मीटर चालूच असतं. बीएनएसएस कलम 146 खाली रक्कम बदलून मागता येते, तो अर्ज लगेच टाका. आणि मुलाला लॅपटॉप घेऊन दिला, शाळेची फी परस्पर भरली, ते पोटगीत आपोआप वळतं होत नाही हो! पैसे बँकेतूनच पाठवा आणि रिमार्कमध्ये "मार्च पोटगी" असं महिन्याचं नाव टाका, रोख दिलेले पैसे नंतर सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

आता घेणाऱ्यांसाठी, आणि हे खरंच कळकळीने सांगते, कारण इथे आयांचं फार नुकसान होतं. देईल आज ना उद्या म्हणून वाट बघत बसू नका. कलम 144 च्या ऑर्डरवर वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज लागतो, त्याआधीचे महिने या मार्गाने हातचे जातात. एकदा वेळेत अर्ज पडला की तो चालू असताना पुढे थकणारे महिने त्यातच मागता येतात, सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये तसं म्हटलंय. दिवाणी कोर्टाची डिक्री (हुकूमनामा) असेल तर दरखास्तीला, म्हणजे ती अमलात आणायच्या अर्जाला, 12 वर्षं मिळतात, आणि पोटगीच्या डिक्रीसाठी पगाराच्या दोन तृतीयांश भागापर्यंत जप्ती येऊ शकते.

पोटगी थकवणारा जेलमध्ये जाऊन आला म्हणजे हिशोब मिटला असंही नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी 1 महिन्यापर्यंत कैद होऊ शकते पण रक्कम माफ होत नाही, हे 1989 पासून ठरलेलं आहे. मूल 18 चं झालं तरी आधीची थकबाकी तशीच उभी राहते.

सेटलमेंट होत असेल तर चेक वटून पैसे खात्यात दिसेपर्यंत वसुलीचा अर्ज मागे घेऊ नका, चेक परत आला आणि अर्ज काढून घेतलेला असला तर जुने महिने त्या 1 वर्षाच्या बाहेर गेलेले असतात.