फोमच्या टार्गेटचा झिजलेला मधला भाग असा सावरला

मुलगी कंपाउंड धनुष्यावर (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) सराव करते. टार्गेटवर लावायच्या ८० सेंटिमीटरच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं. सगळे बाण तिथंच बसतात, म्हणून मधला फोम भुगा होतो आणि वरचा-खालचा कोरा राहतो. आमचे बाण मागून बाहेर पडायला लागले होते.

हे टार्गेट आडव्या पट्ट्या एकावर एक दाबून बनवलेलं आहे. बाणाला अडवतं ते त्या दाबातून होणारं घर्षण. म्हणून आवळपट्टे सोडून मधल्या पट्ट्या वर आणि खाली नेल्या, तिथल्या कोऱ्या मध्ये आणल्या. अगदीच गेलेल्यांच्या जागी तेवढ्याच जाडीचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्याला असतो तसा लवचिक) कापून घातला. मग टेम्पोवर माल बांधायचे रॅचेट पट्टे दोन्हीकडून आळीपाळीनं आवळले. एकच बाजू आधी ताणली तर थर तिरके होतात.

भोकात स्प्रेचा पीयू फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेन) भरा, असं बरेच जण सुचवतात. थरांच्या टार्गेटला मी तो मुळीच लावणार नाही. पट्ट्या एकमेकींना कायमच्या चिकटतात आणि पुढच्या वेळी अदलाबदल करता येत नाही.

चाचणीचे बाण जवळून मारले, कारण तिथं वेग सर्वाधिक असतो. मागे जाळी होतीच. दाबानं फोम बसतो, तेव्हा पट्टे अधूनमधून पुन्हा आवळावे लागतात.