गरोदरपणातला मधुमेह: घरी साखर मोजून नर्सला कशी कळवावी

जेवणानंतरची साखर १३४. पहिल्या घासापासून एका तासाने आली असेल तर ठीक, दोन तासांनी आली असेल तर जास्त. फोनवरून सल्ला देणाऱ्या नर्सला नुसता आकडा पाठवला, तर यातलं काय हे तिला कळणार कसं?

म्हणून पहिल्याच कॉलमध्ये ठरवून घ्या: कधी मोजायचं, नोंदी कधी पाठवायच्या आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा. तिसरा प्रश्न बहुतेकदा राहून जातो.

साधारणपणे दिवसातून चार वेळा मोजतात: सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही खाण्यांनंतर. उपाशीपोटी ९५ च्या आत, तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हे नेहमीचं लक्ष्य. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. तास किंवा दोन तास, एकच वेळ ठरवून ती पाळा.

मोजण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ सोललेल्या बोटावर साखर राहते आणि आकडा फुगतो. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन तो खोटा कमी येतो. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. बोट जोरात पिळू नका. स्ट्रिपच्या (मीटरमध्ये घालायच्या चाचणी-पट्ट्यांच्या) डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने स्ट्रिप बिघडतात. आकडा विचित्र वाटला तर पुन्हा हात धुऊन दुसऱ्या बोटावर तपासा आणि दोन्ही आकडे कळवा.

नोंदीत वेळ, काय आणि अंदाजे किती खाल्लं, चालणं, इन्सुलिनची युनिट, ताप किंवा जागरण लिहा. नको असलेले आकडे गाळू नका. नर्स एका आकड्यावर नाही, अनेक दिवसांच्या आकड्यांचा कल पाहून निर्णय सुचवते. दिवसभर साखर नीट आणि फक्त सकाळची सलग चढी असेल, तर दोष बहुधा खाण्याचा नसतो. रात्री यकृत साखर सोडतं आणि डॉक्टर बरेचदा झोपतानाचं इन्सुलिन सुरू करतात. एकाच जेवणानंतर चढत असेल, तर त्या जेवणातले पिष्टमय पदार्थ कमी करून आणि नंतर १०-१५ मिनिटं चालून पाहता येतं. आकडा चांगला यावा म्हणून उपाशी राहणं मात्र साफ चूक: शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन हे आम्लधर्मी पदार्थ रक्तात वाढतात.

इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन व्हिडिओ कॉलवर नर्सच्या देखरेखीखाली घ्या. इन्सुलिन पेनचं बटण दाबल्यावर सुई दहा सेकंद आत ठेवा, नाहीतर औषध बाहेर गळतं. जागा रोज थोडी बदला. डोस मनाने बदलू नका.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

बाळाची हालचाल मंदावली, रक्त किंवा पाणी जाऊ लागलं, डोकं भयंकर दुखून नजर धूसर झाली, उलट्या थांबेनात, तर मेसेज पाठवून वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिन अचानक कमी लागू लागलं, तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी कळवा. क्वचित वारेचं (प्लॅसेंटाचं) काम मंदावल्याचं ते लक्षण असतं.

प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत मधुमेह उरला आहे का हे पाहायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर मोजण्याची चाचणी करायची असते. तिची तारीख आधीच नर्सकडून घेऊन ठेवा. बाळाच्या गडबडीत ती हमखास मागे पडते.